थोरांची ओळख : डॉ. हॅरॉल्ड गिलीज



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे गप्प बसले. निबंधाच्या तासालाही मी बाईंची नजर चुकवायचे. मग एके दिवशी हिंजवडीच्या सिग्नलला अडकले असताना परिपाठ आठवला. प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि शेवटी थोरांची ओळख. सातवीत माझी पाळी आली तेव्हा मला मादाम क्युरी मिळाल्या होत्या. चार वाक्यांनंतर मी अडकले आणि पाचवं वाक्य बाईंनी मागून हळूच सांगितलं. ती अर्धवट पाळी आज तीस वर्षांनी पुरी करते. या वेळी विषय मी निवडला आहे आणि त्याला एक कारण आहे.

कारण आपल्याच तुकडीतलं आहे. आपला एक मित्र सहा वर्षांपूर्वी, जानेवारीच्या एका रात्री, मोटारसायकलवरून पुण्याहून घरी निघाला होता. मंचर ओलांडल्यावर पुढे उसाची ट्रॉली होती. गाळपाच्या हंगामात अशा ट्रॉल्या आपण जन्मापासून बघत आलो आहोत. तिला मागे ना दिवा होता, ना रिफ्लेक्टर. हेल्मेट त्याच्या डोक्यावर नव्हतं. तो चेहऱ्यावरच आदळला. नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना ते माहीत आहे, आणि लेख छापायला त्याची हरकत नाही.

बॅचमधली पुण्यात सगळ्यात जवळ राहणारी मीच, म्हणून रात्री दोन वाजता त्याच्या भावासोबत अतिदक्षता विभागाबाहेर मी उभी होते. इंजिनिअरची सवय अशी की काही कळेनासं झालं की कागदावर चौकोन काढायचे. कोण डॉक्टर काय करतो आहे, हे मी भावाच्या औषधाच्या चिठ्ठीमागे लिहीत गेले. भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी श्वास सुरक्षित केला. तोंड आणि नाक रक्ताने भरलेलं, म्हणून गळ्याला छिद्र पाडून नळी घातली. मानेचा मणका तुटला नाही ना, हे तपासेपर्यंत मान हलू दिली नाही. मग मेंदूचे डॉक्टर, कारण कपाळाच्या हाडामागे रक्ताची गाठ होती. मग डोळ्यांचे डॉक्टर, कारण डाव्या डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला होता. चेहऱ्याच्या हाडांना त्या रात्री कोणी हात लावला नाही. सूज उतरायची वाट बघितली गेली. नवव्या दिवशी जबड्याचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन एकत्र उभे राहिले, आणि त्यांनी सुरुवात केली ती दातांपासून.

दातांपासून का, हे मला तेव्हा कळलं नाही. चेहरा चाळीस ठिकाणी फुटलेला आणि हे दात जुळवत बसले आहेत! नंतर एका तरुण निवासी डॉक्टरने समजावून सांगितलं. हाडांचे तुकडे कुठे होते हे कोणालाच आठवत नसतं, पण वरचे दात खालच्या दातांवर कसे बसत होते याची खूण दातांवरच झिजून राहिलेली असते. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसवून तारेने बांधले की जबडा जागेवर येतो. जबडा जागेवर आला की गालाचं हाड, मग नाक, मग डोळ्याची खोबण अशी मापं मिळत जातात. मग टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून एकेक तुकडा पक्का करायचा. दातांचा डॉक्टर आणि सर्जन एकाच टेबलाशी उभे करायची ही रीत पहिल्या महायुद्धात रुजली, असंही तो म्हणाला, आणि त्याने एक नाव सांगितलं. त्या नावाच्या मागे मी पुढची दोन वर्षं वाचत राहिले. तेच आजचे आपले थोर पुरुष.

हॅरॉल्ड डेल्फ गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात झाला. आठ भावंडांत ते धाकटे. वडील रॉबर्ट जमिनीच्या व्यवहारांचं काम करत आणि हौसेने आकाश निरखत. घरीच दुर्बीण होती. आपल्या खोडदच्या दुर्बिणी बघत वाढलेल्यांना असं घर परकं वाटू नये. पण हॅरॉल्ड चार वर्षांचे असतानाच वडील गेले. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांचं कोपर मोडलं आणि तो हात जन्मभर पुरता वळला नाही. पुढे ज्या हातांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या त्यांतला एक हात असा होता, हे मला फार नंतर कळलं.

शाळेत ते क्रिकेटचे कप्तान होते. केंब्रिजला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले, तिथे विद्यापीठाच्या होडीच्या शर्यतीत वल्हं मारलं आणि गोल्फ इतका चांगला खेळले की पुढे इंग्लंडच्या संघातून खेळले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकून १९१० साली ते शल्यविशारद झाले. व्यवसाय निवडला कान-नाक-घशाचा. ऑपेरा गायकांचे गळे तपासणाऱ्या लंडनच्या एका बड्या डॉक्टरांचे ते साहाय्यक होते. १९११ साली लग्न झालं. खोड्या काढायची सवय मात्र म्हातारपणापर्यंत गेली नाही. महायुद्ध झालं नसतं तर एक मजेदार, सुखवस्तू डॉक्टर म्हणून ते निवृत्त झाले असते आणि आपल्याला त्यांचं नावही कळलं नसतं.

१९१४ साली युद्ध सुरू झालं तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आलं. हे युद्ध खंदकातलं होतं. अंग जमिनीखाली आणि डोकं वर, म्हणून गोळी आणि तोफगोळ्याचे तुकडे चेहऱ्यावर बसत. पोलादी शिरस्त्राण आल्यावर कवटी वाचू लागली, माणसं जगू लागली, पण चेहरा उघडाच राहिला. जबडा नसलेली, नाक नसलेली तरुण मुलं मोठ्या संख्येने जिवंत परत येऊ लागली. त्यांचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जखमेच्या कडा ओढून शिवून टाकायच्या, एवढंच तोवर होत असे. खाली हाड नसताना कातडी ताणून शिवली की भरताना ती आकसते, तोंड उघडत नाही आणि चेहरा आणखी वेडावाकडा होतो.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हिमरूच्या रुग्णालयात गिलीज यांना शार्ल व्हालाडिए नावाचे दंतवैद्य भेटले. हा माणूस स्वतःच्या रोल्स रॉइस गाडीत दातांची खुर्ची बसवून आघाडीवर हिंडत असे. शस्त्रक्रियेचा परवाना नसल्याने त्यांच्या कामावर देखरेखीला डॉक्टर लागत, म्हणून गिलीज यांची नेमणूक झाली. देखरेख करायला गेलेला माणूस तिथे शिकून आला. तुटलेला जबडा दातांच्या आधाराने कसा सांभाळायचा, हे त्यांनी तिथे पाहिलं. मग पॅरिसला जाऊन इप्पोलित मोरेस्तँ या नामांकित सर्जनची शस्त्रक्रिया पाहिली. कर्करोगाने खाल्लेला गालाचा भाग काढून आजूबाजूच्या कातडीने ती जागा भरलेली पाहून ते थक्क झाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मोरेस्तँ यांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. ज्ञान कुलुपात ठेवणारे गुरू सगळीकडे असतात. आपल्या वाट्याला तसे आले नाहीत, हे या निमित्ताने लिहून ठेवते.

परत येऊन गिलीज यांनी लष्कराच्या मागे लकडा लावला आणि जानेवारी १९१६ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांचा वेगळा विभाग मिळवला. रुग्ण त्या विभागापर्यंत पोचणार कसे? त्यांनी पदरचे दहा पौंड खर्चून दुकानातून लेबलं आणली, त्यांवर स्वतःचा पत्ता घातला आणि ती आघाडीवरच्या डॉक्टरांकडे धाडायची व्यवस्था केली. चेहरा फुटलेल्या सैनिकाच्या कपड्याला लेबल टाचायचं आणि गाडीत बसवायचं. पार्सलसारखी माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सत्तावन्न हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. गिलीज यांनी दोनशे रुग्णांची तयारी ठेवली होती. आले दोन हजार.

ऑल्डरशॉट अपुरं पडलं, म्हणून ऑगस्ट १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकप इथे क्वीन्स हॉस्पिटल उभं राहिलं. केवळ चेहरा आणि जबड्याच्या जखमांसाठी बांधलेलं, हजारावर खाटांचं. पुढच्या काही वर्षांत तिथे पाच हजारांहून जास्त सैनिकांवर अकरा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे दर माणसामागे दोनाहून जास्त, आणि काहींच्या तर कित्येक वर्षं चाललेल्या.

माझ्या चौकोनांच्या चिठ्ठीचं मूळ मला सिडकपमध्ये सापडलं. गिलीज यांच्या शेजारी दंतशल्यविशारद विल्यम केल्सी फ्राय उभे असत. हाडाचा, दातांचा पाया ते घालत आणि त्यावर गिलीज कातडी चढवत. हेन्री टाँक्स हे सर्जनचा पेशा सोडून चित्रकलेचे मास्तर झालेले गृहस्थ. ते कित्येक चेहऱ्यांची खडूने चित्रं काढत, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची. त्या काळच्या फोटोला रंग नव्हते. मांस कुठे लाल, कातडी कुठे फिकी, हे डोळे आणि हातच टिपू शकत होते. ती चित्रं आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये आहेत. मी त्यांचे फोटो बघितले. पहिल्यांदा तीन चित्रांपुढे जाववलं नाही.

तिसरा चौकोन भूलतज्ज्ञांचा. तोवर ईथर किंवा क्लोरोफॉर्म चेहऱ्यावर मुखवटा धरून देत. पण शस्त्रक्रियाच चेहऱ्यावर असेल तर मुखवटा धरायचा कुठे? रक्त घशात उतरून रुग्ण गुदमरे, आणि काही रुग्णांना खुर्चीत बसवून शस्त्रक्रिया करावी लागे. युद्ध संपण्याच्या सुमारास सिडकपला आलेल्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून थेट फुप्फुसांत भूल पोचवायची पद्धत पक्की केली. आज आपल्या तालुक्यात अपेंडिक्ससाठीसुद्धा भूल देताना अशी नळी घालतात, आणि ती नेमकी आत सरकवायला वापरतात त्या चिमट्याला अजून मॅगिल यांचंच नाव आहे. आपल्या मित्राची नळी गळ्यातून होती, पण वंश तोच.

आता गिलीज यांच्या सगळ्यात प्रसिद्ध युक्तीकडे येते, आणि तिच्यासाठी आपल्याला आंब्याच्या बागेत जावं लागेल. शेतीच्या तासाला आपण भेटकलम शिकलो होतो. रोपाची कुंडी मोठ्या झाडाजवळ न्यायची, फांदी झाडावरच ठेवून रोपाला बांधायची. जोड एकजीव होईपर्यंत फांदी आईच्या रसावर जगते. मग आईकडची बाजू कापायची. कातडीचंही असंच आहे. जाड कातडी तोडून दुसरीकडे नुसती चिकटवली तर रक्त न मिळाल्याने मरते. म्हणून तिची एक बाजू मूळ जागी जोडलेली ठेवायची आणि दुसरी जखमेवर शिवायची. प्रतिजैविकं अजून आली नव्हती. त्या लोंबत्या पट्टीच्या उघड्या मागच्या बाजूला जंतू धरत आणि पट्टी सडे.

३ ऑक्टोबर १९१७ रोजी गिलीज विली विकरेज या खलाशावर शस्त्रक्रिया करत होते. जटलँडच्या नाविक लढाईत त्याचा चेहरा जळून पापण्या आणि ओठ आकसले होते. छातीवरून उचललेल्या पट्टीच्या कडा आपोआप आतल्या बाजूला वळताना त्यांना दिसल्या. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. पट्टीची नळी झाली. आतलं मांस झाकलं गेलं, रक्त नीट वाहू लागलं, जंतूंना जागा उरली नाही. अशी नळी पोटावरून मनगटावर आणि मनगटावरून चेहऱ्यावर, टप्प्याटप्प्याने नेता येऊ लागली. ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी थोडं आधी स्वतंत्रपणे हेच केलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत एकाची खबर दुसऱ्याला नव्हती.

भेटकलमाची ही कल्पना चेहऱ्यावर वापरणारे गिलीज पहिले नव्हेत. पहिल्यांपैकी एक माणूस आपल्या पुण्याचा होता. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याचं वर्णन आहे, हे आपण शाळेत ऐकलं. पुण्याची हकिकत मात्र ऐकली नव्हती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभराने पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य म्हणून नोंदलेला नाही, विटा करणाऱ्या जातीतला म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे बहुधा आपला कुंभार. मुंबई इलाख्याचे थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया बघत होते.

त्याने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या मापाची केली, ती कपाळावर पसरून खूण केली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमध्ये एक दांडा तेवढा जोडलेला ठेवला. कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या खरवडलेल्या कडांत बसवली. टाके नाहीत. चिकटवायला काथ, चार दिवसांनी वर तुपात भिजवलेलं कापड. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी मऊ कापडाच्या वाती, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दांडा कापला. भेटकलमच. ही हकिकत चित्रासह लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने वीस वर्षं प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया करून दाखवली. कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या या पद्धतीला सर्जन लोक आजही भारतीय पद्धत म्हणतात. सिडकपला गिलीज यांनी कितीतरी नाकं याच पद्धतीने केली. गाडीवानाचं नाव राहिलं, बघणाऱ्या साहेबांची नावं राहिली, कुंभाराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. ज्याने काम केलं त्याचंच नाव नोंदीत नसणं आमच्या धंद्यातही रोजचं आहे, पण हे मला जास्त लागलं.

गिलीज यांचं कौतुक एवढ्यावर थांबवलं तर परिपाठ होईल, खरं चरित्र होणार नाही. त्यांच्या हातून मोठी चूकही झाली. हेन्री लम्ली नावाचा तरुण वैमानिक विमान कोसळून भाजला होता. त्याचा चेहरा जवळजवळ उरला नव्हता आणि वेदनेवरच्या मॉर्फिनची त्याला सवय लागली होती. गिलीज यांनी छातीवरची मोठी कातडी उचलून एकाच वेळी सगळा चेहरा झाकायचं ठरवलं. थकलेल्या शरीराला ते पेललं नाही. जंतू धरले, कातडी मेली आणि मार्च १९१८ मध्ये लम्लीही गेला. हे काम तुकड्यातुकड्याने करायला हवं होतं, हे गिलीज यांनी मान्य केलं आणि लपवलं नाही. त्यानंतर घाई न करणं हा त्यांचा पहिला नियम झाला. जे उद्यावर टाकता येतं ते आज करायचं नाही, रुग्णाला आधी बळ येऊ द्यायचं. चुकीतून नियम काढणं सोपं नसतं. आमच्याकडे रात्री सॉफ्टवेअर बंद पडलं की दुसऱ्या दिवशी त्याची चिकित्सा करतो. तिथे कोणी मरत नाही, तरीसुद्धा चूक कबूल करताना माणसं शब्द चघळतात.

आपल्या मित्राचे घरचेही त्या नऊ दिवसांत अधीर झाले होते. एवढा मोठा दवाखाना, मग चेहऱ्याला हात का लावत नाहीत? मीही हेच विचारत होते. लम्लीची गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर त्याच्या आईला मी ती सांगितली असती.

सिडकपच्या वॉर्डात आरसे नव्हते. तरी कोणी ना कोणी कुठून तरी एखादा तुकडा मिळवे आणि त्या दिवशी वॉर्ड गप्प होई. रुग्णालयापासून गावात जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकं निळी रंगवली होती. निळ्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा बघवणार नाही, अशी गावकऱ्यांना ती सूचना होती. हेतू चांगला होता. दचकलेली नजर सैनिकाला दिसू नये, म्हणून. पण त्या बाकावर बसताना त्याला काय वाटत असेल? दोन-दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये महिने जात, तोवर हातांना काम हवं म्हणून खेळणी बनवण्यासारखे वर्ग चालत. परिचारिका चेहऱ्याकडे सरळ बघून बोलत, आणि ते त्यांच्या कामाचाच भाग होतं. गिलीज रोज वॉर्डात थट्टामस्करी करत. जाताना काही माणसं मुखवटा लावून गेली, काही घरी गेलीच नाहीत. बरीचशी मात्र कामाला लागली, त्यांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली.

१९२० साली गिलीज यांनी चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवर मोठा ग्रंथ लिहिला. युद्ध संपल्यावर मात्र त्यांच्या विद्येला किंमत राहिली नाही. हे काय शास्त्र आहे का, असं वाटणारे वरिष्ठ डॉक्टर बरेच होते. सर ही पदवी मिळायला १९३० उजाडलं. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा साऱ्या ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन चारच होते. एक गिलीज, बाकीच्या तिघांत एक त्यांचे दूरचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो. गिलीज यांनी बेसिंगस्टोकजवळच्या रुक्सडाउन हाउसमध्ये पुन्हा सिडकप उभं केलं. १९४६ साली ब्रिटिश प्लास्टिक सर्जन्सच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. ३ ऑगस्ट १९६० रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असतानाच त्यांना मेंदूचा झटका आला. १० सप्टेंबर १९६० रोजी ते गेले.

त्यांची विद्या आपल्याकडे आली ती डॉ. नोशीर अंटिया यांच्याबरोबर. अंटिया यांनी इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिक्षण घेतलं. परतल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी काम केलं. कुष्ठरोगाने बसलेलं नाक, न मिटणाऱ्या पापण्या, वाकडी बोटं यांच्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. रोग बरा झाला तरी चेहरा बघून गाव घेत नाही, हे त्यांना दिसलं होतं. पुण्याच्या कुंभाराकडून लंडनला गेलेली विद्या दीडशे वर्षांनी अशी वाढून परत पुण्यात आली.

आता शेवट. आपल्या मित्राच्या दोन वर्षांत चार शस्त्रक्रिया झाल्या. दात बसवले, कपाळाचा खड्डा भरला, डाव्या पापणीचं काम अजून एकदा करायचं आहे. तो कामावर जातो, द्राक्षबाग बघतो. पण आपल्या ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर त्याचा कॅमेरा सहा वर्षांत एकदाही सुरू झालेला नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. लेखाचा कच्चा खर्डा मी त्याला पाठवला. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. हेल्मेट हँडलला अडकवलं होतं असं मी लिहिलं होतं. ते घरी खुंटीला होतं.

स्नेहमेळाव्याला येईन असं तो म्हणालेला नाही, येणार नाही असंही म्हणालेला नाही. आला तर मैदानात निळं बाक ठेवू नका. त्याच्याकडे बघा, नीट बघा, आणि मग नेहमीचं बोला. त्याच्या उजव्या बाजूला बसा, डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. आणि ग्रुप फोटोच्या वेळी त्याला कडेला उभं राहू देऊ नका. कबड्डीच्या संघाच्या फोटोत तो मधोमध असायचा.

परिपाठ संपला. रात्री गाडीवर निघालात तर हेल्मेट घाला, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहेत त्यांनी ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावून घ्या. मी येताना एक पेटी भरून आणणार आहे.